शमुवेलचं पत्र घेऊन भिवंडीला

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावातून कल्याणला जाणारी एसटी सकाळी सहाला सुटते. मी साडेपाचलाच स्टँडवर जाऊन बसले होते. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे घंटेच्या आधी पोचायची खोड काही जात नाही. मांडीवर पिशवी, पिशवीत लाडवांचा डबा, आणि डब्याखाली, चुरगळू नये म्हणून पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत दाबलेलं, माझ्या धाकट्या भावाचं पत्र. ते शमुवेलने लिहिलेलं नव्हतं. त्याच्याविषयी मी लिहिलं होतं.

हे पत्र कसलं ते आधी सांगायला हवं. आम्हा ख्रिस्ती लोकांत मंडळीचं (म्हणजे एका चर्चच्या सगळ्या सभासदांचं) रजिस्टर असतं. माणूस गाव सोडून दुसरीकडे राहायला गेला की पाळकसाहेबांच्या सहीचं बदलीपत्र घेऊन जातो. नव्या मंडळीत ते सगळ्यांसमोर वाचतात, माणूस उभा राहतो, तिथले पाळक त्याचा हात हातात घेतात आणि त्याचं नाव तिथल्या रजिस्टरात चढतं. इकडे पत्र ज्या दिवशी दिलं त्याच दिवशी जुन्या नावावर लाल शाईची रेघ मारायची आणि शेऱ्यात 'बदली' लिहायचं. एक माणूस दोन रजिस्टरांत असू शकत नाही. आमच्या मंडळीची चिटणीस मी. ते रजिस्टर अकरा वर्षं माझ्याच कपाटात आहे.

शमुवेल एकवीस वर्षांचा असताना मागावर काम करायला भिवंडीला गेला, तेव्हा पत्र न्यायचं राहून गेलं. पुढे चाळीस वर्षं राहूनच गेलं. नाताळला यायचा, आमच्याच बाकावर बसायचा, नाव आमच्याच पानावर होतं, कुणाचं काही अडलं नाही. मग सप्टेंबरात त्याचा फोन आला. दर चार शब्दांनी धाप लागत होती.

"ताई, माझं पत्र काढ. सुनंदाच्या शेजारी जागा पाहिजे तर कागद लागतो म्हणतात."

सुनंदा म्हणजे त्याची बायको. बारा वर्षांपूर्वी वारली आणि कल्याणच्या बाजूला ख्रिस्ती दफनभूमीत तिला पुरलं. तिथल्या पंचांचा नियम साधा होता, मृताचं नाव तिकडच्याच एखाद्या मंडळीच्या रजिस्टरात पाहिजे. सुनंदाने लग्नानंतर आपलं पत्र वेळेवर नेलं होतं. ती बाई होतीच तशी टापटिपीची. डॉक्टर त्याच्या फुप्फुसांबद्दल काय म्हणाले ते शमुवेलने मला सांगितलं नाही, पण माणूस जागेची चौकशी करायला लागला की काय समजायचं ते मी समजले.

"आणि ताई, गाजावाजा नको करू," असं तो शेवटी म्हणाला. ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. शमुवेल लहानपणापासून बुजरा. शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात) बक्षीस घ्यायलाही त्याला हात धरून पुढे न्यावं लागायचं.

पत्र मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. त्याने फक्त आपल्या नावापुरतं मागितलं होतं, पण अर्धवट काम मला कधी जमलं नाही. मी त्याचा बाप्तिस्मा लिहिला, त्याचं लग्न लिहिलं, आणि खाली त्याच्या मुलीचंही नाव घातलं: 'रूथ (शाळेतील नाव ऋतुजा)'. त्याचंही तसंच, 'शमुवेल (शाळेतील नाव शामराव)'. आमच्याकडे बहुतेक घरांत अशी दोन नावं असतात, एक देवळातलं आणि एक दाखल्यावरचं. दोन्ही कंसांसकट व्यवस्थित लिहिली, पाळकसाहेबांची सही घेतली, रजिस्टरात पट्टी धरून लाल रेघ मारली. ते कंस मी किती कौतुकाने घातले होते, ते आठवलं की आज अंगावर काटा येतो.

माळशेज घाटात गवत पिवळं पडायला लागलं होतं. माझ्या शेजारी मुरबाडची एक बाई होती, मांडीवर कोंबडीची टोपली. "भिवंडीला कुनाकडं?" तिने विचारलं. भावाकडे, मी म्हटलं. "माजा नवरा बी तिकडं गोडावनला हाय," ती म्हणाली, "म्हयन्याला दोनदा घरी येतं. निसता झोपतं." मुरबाडला उतरताना तिने मला एक कच्चा पेरू दिला. प्रवासात चांगलं झालेलं असं आठवायला बसले तर तो पेरू आठवतो.

कल्याणहून पुढची बस कोनगावपासूनच अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आमची बस. दिवाळी तोंडावर आली होती आणि साऱ्या देशाची खरेदी या रस्त्यानेच चालल्यासारखं दिसत होतं. धुळीने समोरचं पुलाचं काम धूसर दिसत होतं. सव्वा तास आम्ही तिथेच होतो. कंडक्टर खाली उतरून चहा पिऊन आला तरी बस हलली नव्हती. भिवंडीत उतरून अंजूरफाट्याकडची शेअर रिक्षा धरली, तर उतरताना चपलेचा अंगठा तुटला. रस्ता असा की अनवाणी चालायची सोय नाही. टपरीवरच्या एका चाचांनी माझ्याकडे बघितलं, शेजारच्या गाळ्यातून (गाळा म्हणजे लहान कारखान्याची जागा) पांढऱ्या सुताचं एक भेंडोळं आणलं आणि खाली बसून स्वतः चप्पल बांधून दिली. "बाजी, भिवंडी में सूत की कमी नहीं," ते म्हणाले. मी बाजी, म्हणजे थोरली बहीण, कशी, हे मी विचारलं नाही. चप्पल घर येईपर्यंत टिकली.

राहनाळ हे एके काळी गाव होतं म्हणे. आता गोदामांच्या पत्र्यांच्या मध्ये उरलेल्या फटींत माणसं राहतात. शमुवेल अशाच एका चाळीत दोन खोल्यांत राहतो. राहत होता. तीस वर्षं मागावर जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर), मग छाती कामातून गेल्यावर गोदामाच्या गेटवर वॉचमन, आणि आता खाटेवर, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. मी दारात उभी राहिले तर त्याला उठून बसायलाच वेळ लागला. माझा भाऊ बैलाला शिंगं धरून मागे रेटायचा. ते हात बघून मला रडू आलं आणि मी ते लाडवांच्या डब्याच्या झाकणावर काढलं, निघत नाही म्हणून ओरडत बसले.

"सलाम, ताई," तो म्हणाला. आमच्यात भेटल्यावर सलाम म्हणतात. पण हळू म्हणाला, दाराकडे बघत.

घर बघितलं आणि मला खटकलं. भिंतीवर वधस्तंभ नाही, वचनाची पाटी नाही, चर्चचं कॅलेंडर नाही. एका बँकेचं कॅलेंडर, एक घड्याळ, बस्स. "सुनंदाचा लाकडी वधस्तंभ कुठाय रे?" मी विचारलं. त्याने खाटेखालच्या ट्रंकेकडे बोट केलं. "रूथच्या नोकरीपासून तिथं आहे." मला वाटलं, घर रंगवलं असेल, परत लावायचा राहिला. चिटणिसाला एवढंच कळलं.

दुपारी शेजारच्या कमलताई तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन आल्या. त्या इथल्याच, बौद्ध, नवरा एसटीतून निवृत्त, मुलगा वायरमन. रूथ ऑफिसला गेली की शमुवेलकडे त्याच बघत. "तुमचा भाऊस लय गरीब मानूस हाय, बाय," त्या म्हणाल्या. "दुखतं खुपतं कदी सांगत न्हाय. मीच इचारायचं, मीच वळखायचं." त्यांच्या घरात उघड्या दारातून बुद्धाची तसबीर आणि तिच्यावरची निळी माळ दिसत होती. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसली असती.

रूथ सहाला आली. अंगाने तिच्या आईसारखी, चालणं बापाचं. एका सरकारी कार्यालयात दोन वर्षांपूर्वी लागली. मला बघून खूश झाली, गळ्यात पडली. मी कशाला आले ते तिला ठाऊक नव्हतं आणि शमुवेलने मला डोळ्यांनी खुणावलं, सांगू नको. पोरीपुढे मरणाचं बोलणं नको म्हणून असेल, असं मी धरलं. प्रत्येक गोष्टीचा मी तिथे चुकीचा अर्थ लावला आणि प्रत्येक वेळी मला शंभर टक्के खात्री होती.

दुसरा दिवस शुक्रवार. शुक्रवारी भिवंडीतले माग बंद असतात, त्यामुळे शमुवेलच्या ओळखीच्या पास्टरांची उपासना शुक्रवारी दुपारी भरते. हे ऐकून मी कपाळाला हात लावला होता. "रविवार प्रभूचा दिवस ना रे?" "ताई, रविवारी गोदामात डबल लोडिंग असतं. प्रभूला सुट्टी असेल, आम्हाला नसते." त्याला यायचं बळ नव्हतं. "तू नुसतं पास्टरच्या हातात दे," तो म्हणाला. "बाकी काही नको."

त्यासाठी वडप्याला रिक्षाने गेले. शहरातून जाताना गल्ल्या गप्प होत्या. एरवी त्या मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही म्हणतात. उपासना टायरच्या दुकानामागच्या एका खोलीत होती. चटया, एक ढोलकी, चाळीसेक माणसं. तेलुगू, उत्तरेकडची, आमच्या नगर-जालन्याकडची चार घरं. गाणी हिंदीत, मध्येच एखादं मराठीत. माझ्या कानाला ते सगळं परकं होतं, आणि तरी खरं सांगते, आमच्या दगडी चर्चमध्ये रविवारी जी पेंगुळलेली माणसं बसतात त्यांच्यापेक्षा ही थकलेली माणसं जास्त जागी होती. एका बाईची करंगळी मशीनमध्ये गेलेली, ती त्याच हाताने टाळ्या वाजवत होती.

पास्टर जन्माने तेलुगू, पूर्वी स्वतः मागावर होते. आता पोटासाठी एका गोदामाच्या गेटवर नोकरी आणि उरलेल्या वेळात ही सेवा. उपासना संपत आल्यावर मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट बघितलं. "सिस्टर, ऐसा लेटर मैंने पहली बार देखा. क्या करते हैं इसका?"

इथे मी गप्प बसले असते तर. त्यांनी ते खिशात घातलं असतं, वहीत नाव लिहिलं असतं, झालं असतं. पण बदलीपत्र न वाचता स्वीकारायचं, हे माझ्या लेखी झालंच नसतं. माझ्या भावाचं आयुष्यभर राहिलेलं काम, ते असं कोपऱ्यात उरकायचं? "मंडळीसमोर वाचायचं असतं," मी म्हटलं. "मराठी आहे, मी वाचते." आणि उभी राहून, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा वर्गातल्या आवाजात, मी ते पूर्ण वाचलं. दोन्ही कंसांसकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जालन्याकडच्या एका म्हातारीने डोळे पुसले. पास्टर एवढे आनंदले की म्हणाले, सिस्टर, फोटो. मी पत्र छातीशी सरळ धरलं, अक्षरं दिसतील असं. त्यांनी तो फोटो त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दर आठवड्याची आनंदाची बातमी ते तशीच टाकतात.

परत येताना मी शमुवेलसाठी केळी घेतली. वाचल्याचं त्याला सांगितलं नाही. दिलं, एवढंच म्हटलं. त्याने डोळे मिटले आणि बराच वेळ छातीवर हात ठेवून पडून राहिला. इतका निवांत मी त्याला त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच बघितलं.

रूथ त्या दिवशीही सहालाच आली. चपला न काढता आत आली आणि फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर मी होते, पत्रासकट.

"आत्या, हे तू वाचलंस? सगळ्यांसमोर?"

"हो, का गं?"

"आमच्या ऑफिसमधल्या एकीची मावशी त्या फेलोशिपला येते. तिने मला पाठवलंय. कंसातल्या नावाभोवती गोल करून, 'ये आपही हो ना?' म्हणून. हसतानाचं चित्र टाकून." ती खाली बसली. "माझी जात पडताळणी चालू आहे, आत्या. ही नोकरी शामरावच्या मुलीला मिळालीय. ऋतुजाला. अनुसूचित जातीच्या जागेवर. ख्रिस्ती म्हटलं की ती जागा गेली. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत होतं. हेच तर लाजेचं आहे. आमच्या अख्ख्या गावाला माहीत आहे. छत्तीस वर्षांत किती दाविदांचे देवीदास आणि किती मार्थांच्या मालती मी माझ्या हाताने हजेरीपटात लिहिल्या. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून आमची वस्ती गावाच्या मध्ये आली नाही, विहिरीवर कोणी आमच्या घागरीला हात लावू लागलं नाही. जात राहिली तिथेच राहिली, फक्त कागदावरून गेली. म्हणून लोक दोन नावं ठेवतात. हे मी जाणत होते, पण दुसऱ्याच्या घरातलं दुखणं जाणतात तसं. मला मिशनच्या शाळेत नोकरी लागली, तिथे कोणी कसला दाखला मागितला नाही. मी आयुष्यभर ताठ मानेने ख्रिस्ती म्हणून मिरवले, आणि ती मान ताठ ठेवायला मला एका पैची किंमत पडली नाही. त्याला मी विश्वास म्हणत होते.

"मी खोटं बोलतेय असं तुला वाटतं ना?" रूथने विचारलं. "मलाही वाटतं. रोज सही करताना वाटतं. पण पपांचं ऑक्सिजनचं मशीन त्याच सहीवर चालतं."

शमुवेल खाटेवरून सगळं ऐकत होता. भिंतीकडे वळून झोपला.

शनिवारी सकाळी रूथ भाजी आणायला गेली तेव्हा त्याने मला जवळ बोलावलं.

"ताई, पत्र परत घेऊन ये. नाव चढवू नका म्हणावं."

"आणि जागा?"

"नको."

"शमू, अरे सुनंदा..."

"सुनंदाला वाट बघायची सवय आहे. मी ड्युटीवरनं कधी वेळेवर आलोय?" हे बोलतानाच त्याला खोकला आला आणि मी त्याला धरून बसले. पाठीची हाडं माझ्या तळव्याला लागत होती. मी मनात प्रार्थना करायला लागले आणि मध्येच थांबले. काय मागायचं तेच कळेना. पोरीची नोकरी राहू दे म्हटलं तर भाऊ मेल्यावरही त्याच्या बायकोपासून तुटतो. भावाला जागा दे म्हटलं तर पोर रस्त्यावर येते. अशी प्रार्थना देवाने ऐकावी तरी कशी. आणि खरं सांगायचं तर मी देवावरच चिडले होते. त्याचं नाव घेतल्यामुळे हे सगळं होत होतं आणि तो काही बोलत नव्हता.

कमलताईंना चाहूल लागलीच होती. चाळीत भिंती कसल्या. चहा देताना त्या म्हणाल्या, "बाय, एक इचारू? आमीबी त्याच वस्तीतले, तुमीबी. आमच्या आज्यानं बी धर्म बदलला, तुमच्या बी. पन आमचं नाव नि कागद एकच हाय, नि सवलत बी हाय. मंग तुमालाच का न्हाय?"

मी मास्तरीण, मला उत्तर देता यायला हवं होतं. कायदा असा आहे, एवढंच म्हणता आलं.

"कायद्याला काय, त्याचा कुटं बाप मरतंय," त्या म्हणाल्या आणि रिकामे कप घेऊन गेल्या.

रविवारी सकाळी मी पुन्हा वडप्याला गेले. जन्मात पहिल्यांदा रविवारच्या दहाच्या ठोक्याला मी चर्चमध्ये नव्हते. मी एका गोदामाच्या गेटपाशी ट्रकांच्या धुरात उभी होते. पास्टर निळ्या गणवेशात गाड्यांचे नंबर लिहून घेत होते. मी सांगत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. "सिस्टर, हमने तो खुशी में डाला था," ते दोनदा म्हणाले. फोटो त्यांनी तिथेच काढून टाकला. पण तोवर तो कुठे कुठे गेला असेल ते त्यांच्या हातात नव्हतं. पत्र त्यांनी डब्याच्या पिशवीतून काढून दिलं, शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पानांत नीट ठेवलेलं होतं.

"नाव न चढवता तुम्ही दफनभूमीसाठी चिठ्ठी देऊ शकाल का?" मी विचारलं. मी, अकरा वर्षं रजिस्टर सांभाळणारी.

मागून हॉर्न वाजत होते. "झूठ कैसे लिखूँ, सिस्टर?" असं ते म्हणाले आणि लगेच खाली बघितलं. मग तिथेच, गेटच्या खांबापाशी, माझ्यासाठी प्रार्थना केली. चांगली होती, मनापासून होती. शेवटी मला आमेन म्हणता आलं नाही. त्यांनी थोडी वाट बघितली आणि पुढच्या ट्रकचा नंबर लिहायला घेतला.

सोमवारी निघायचं होतं. रूथने ऑफिसला जाण्याआधी मला कोपऱ्यात घेतलं. राग ओसरला होता, आता नुसती भीती होती. "आत्या, गावच्या रजिस्टरात काय आहे?"

"पत्र दिलं तेव्हा रेघ मारली. तुम्हा दोघांवर. बदली लिहिलंय."

"मग तसंच राहू दे. कोणी चौकशीला आलंच तर कापलेलं दिसू दे. निदान निघून गेले असं म्हणता येईल. परत नको लिहू. वचन दे." मी दिलं. परत लिहायचं तर तेही मंडळीसमोर वाचून लिहावं लागतं, आणि माझ्या वाचण्याने काय होतं ते तिने बघितलं होतं.

ती गेल्यावर मी पिशवी भरली. पत्र परत पुठ्ठ्यांत घातलं. शमुवेलने ते बघितलं. सुताने बांधलेली ती चप्पल मी पायात सरकवत होते तेव्हा त्याने विचारलं, "ताई, इथं नाही तर नाही. पण आपल्या गावच्या रजिस्टरात माझं नाव आहे ना अजून?"

"आहे," मी म्हटलं.

"आबांच्या नावाखाली?" आबा म्हणजे आमचे वडील.

"आबांच्या खाली, माझ्या खाली. जिथं होतं तिथंच."

तो हसला. "मग बास," म्हणाला. माझ्या हातून अर्धा लाडू खाल्ला. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि सलाम म्हटलं, मोठ्याने म्हणणार होते पण माझाही आवाज आपोआप खाली आला.

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. तोच रस्ता, तेच कंटेनर, घाटात धुकं. मी खिडकीशी बसून एकच हिशेब लावत होते. इथली रेघ मारलेली, तिथलं नाव चढलेलं नाही. माझा भाऊ या क्षणी जगातल्या कुठल्याच मंडळीत नव्हता. आमचे पाळकसाहेब म्हणतात की खरं रजिस्टर वर असतं. असेल. मीही आजवर मयताच्या घरी हेच सांगत आले. त्या दिवशी बसमध्ये ते मला पुरलं नाही, आणि आजही पुरत नाही.

नोव्हेंबर संपता संपता रूथचा फोन आला. शमुवेल दुपारी जेवताना गेला, कमलताईंच्या हातून पेज घेत होता. मी पोचेपर्यंत राहनाळच्या स्मशानात सगळं उरकलं होतं. कुणाच्या रीतीने करायचं असा प्रश्न पडला तेव्हा कमलताई म्हणाल्या म्हणे, आमच्या रीतीनं करू, मानूस आमचाच हाय. त्यांच्या चार बायकांनी वंदना म्हटली. मला त्याचा राग आला नाही. परक्यांनी त्याच्यासाठी तोंड उघडलं आणि सख्ख्या लोकांना गप्प राहावं लागलं, याचा आला. चौकशीला गावाकडे आजवर कोणी आलेलं नाही. रूथचा कागद अजून अडकलेलाच आहे. म्हणजे त्याने सुनंदाशेजारची जागा सोडली ती कशासाठी, तेही अजून कळलेलं नाही.

आमच्या मंडळीत वर्षाच्या शेवटच्या रविवारी त्या वर्षी वारलेल्यांची नावं वाचतात. नावं चिटणीस वाचते, रजिस्टरातून. एक नाव, एक टोल. घंटेचा दोर योहानकाकांच्या हातात असतो. ते सगळ्या गावाचे काका, शमुवेलचे लहानपणचे सोबती, आणि त्यांना सगळं ठाऊक आहे. त्या रविवारी मी उभी राहिले. पाच नावं होती. पाच वाचली, पाच टोल झाले. आबांच्या आणि माझ्या नावाखाली ती लाल रेघ होती, पट्टी धरून मारलेली, अगदी सरळ.

योहानकाका दोर धरून माझ्याकडे बघत उभे होते. सगळी मंडळी बघत होती. मी तोंड उघडलं, आणि मला रूथला दिलेलं वचन आठवलं.

मी रजिस्टर मिटलं. त्यांनी दोर सोडून दिला.